नियंत्रण गटातील माता: एझेडटीच्या अल्पमुदतीच्या चाचण्यांचे प्रकरण

फेब्रुवारी १९९४ मध्ये अमेरिका आणि फ्रान्स येथे सुरू असलेली, ‘०७६’ या क्रमांकाने ओळखली जाणारी वैद्यकीय चाचणी तिच्या देखरेख मंडळाने मुदतीपूर्वीच थांबवली. एचआयव्हीबाधित गर्भवतीला एझेडटी (झिडोव्हुडीन) हे औषध दिले तर बाळाला होणारा संसर्ग टळतो का, हा तिचा प्रश्न होता. अंतरिम आकडेवारीतच उत्तर इतके स्पष्ट निघाले की आणखी स्त्रियांना प्लासिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी, देत राहण्याचे समर्थन करता येईना. प्लासिबो घेतलेल्या मातांच्या २५.५ टक्के बाळांना संसर्ग झाला होता. एझेडटी घेतलेल्या मातांच्या बाळांत हे प्रमाण ८.३ टक्के होते. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने बाधित गर्भवतींसाठी या उपचाराची शिफारस केली, आणि त्यानंतर त्या देशात अशा स्त्रीला प्लासिबो देणारी चाचणी कोणत्याही नैतिकता समितीपुढे टिकली नसती.

पुढच्या तीन वर्षांत मात्र आफ्रिका आणि आशियातील हजारो बाधित गर्भवतींना ज्या चाचण्यांत सामील करून घेण्यात आले, त्यांत नियंत्रण गटाच्या, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या गटाच्या, वाट्याला प्लासिबोच येत होता. त्यांपैकी अनेक चाचण्यांचा खर्च अमेरिकेचे सरकार करत होते. खलनायक असलेली प्रकरणे शिकवायला सोपी असतात, आणि म्हणूनच त्यांतून फारसे काही शिकायला मिळत नाही. येथे संशोधक प्रामाणिक होते, यजमान देशांच्या सरकारांनी व समित्यांनी संमती दिली होती, प्रश्न त्या देशांच्या निकडीचा होता आणि मिळालेले उत्तर खरोखर उपयोगी पडले. एवढे सगळे जमेच्या बाजूला असूनही काही चुकले होते का, आणि चुकले असेल तर नेमके कुठे, हा या प्रकरणाचा विषय आहे.

०७६ चा उपचार गरीब देशांत का पोहोचेना

०७६ मधील उपचार तीन टप्प्यांचा होता. गर्भारपणाच्या १४व्या ते ३४व्या आठवड्यांदरम्यान गोळ्या सुरू करायच्या आणि दिवसातून पाच वेळा १०० मिलिग्रॅम घ्यायचे. प्रसूतीच्या वेळी तेच औषध शिरेतून द्यायचे. जन्मानंतर बाळाला सहा आठवडे सिरप पाजायचे. शिवाय स्तनपान करायचे नाही. यातील प्रत्येक अट एका विशिष्ट प्रकारची आरोग्यव्यवस्था गृहीत धरते. जिथे स्त्री पहिल्यांदा दवाखान्यात येते तीच सातव्या-आठव्या महिन्यात, जिथे प्रसूती घरी किंवा सुईणीच्या हातून होते, आणि जिथे स्वच्छ पाण्याअभावी वरचे दूध बाळाच्या जिवावर बेतू शकते, तिथे हा उपचार जसाच्या तसा उचलून नेता येत नव्हता.

त्यात खर्चाची भर होती. माता आणि बाळ मिळून या औषधोपचाराला सुमारे ८०० डॉलर लागत. मलावीसारख्या देशात एका व्यक्तीमागे वर्षभरात आरोग्यावर जेवढा खर्च होत होता, त्याच्या ६०० पटींहून अधिक रक्कम एका मातेच्या आणि तिच्या बाळाच्या एझेडटीवरच गेली असती. दुसरीकडे, जगभरात दररोज सुमारे एक हजार बाळांना मातेकडून संसर्ग होत असल्याचा त्या काळचा अंदाज होता, आणि त्यांतील बहुतेक बाळे नेमकी याच देशांत जन्मत होती.

जून १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जिनिव्हा येथे तज्ज्ञांची बैठक बोलावली. स्वस्त, सोपा आणि कमी मुदतीचा उपचार शोधला पाहिजे यावर दुमत नव्हते. तो कशाशी ताडून पाहायचा, हा खरा प्रश्न होता. बैठकीचा निष्कर्ष असा झाला की, जिथे ०७६ चा उपचार देणे शक्य नाही तिथे प्लासिबोशी तुलना करणाऱ्या चाचण्यांतूनच लवकर आणि भरवशाचे उत्तर मिळेल. या निष्कर्षाच्या आधारावर अमेरिकेची राष्ट्रीय आरोग्य संस्था (एनआयएच), रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्र (सीडीसी), फ्रान्सची एड्स संशोधन संस्था आणि संयुक्त राष्ट्रांचा एड्सविषयक कार्यक्रम यूएनएड्स यांच्या पाठबळावर थायलंड, आयव्हरी कोस्ट, बुर्किना फासो, युगांडा, टांझानिया, दक्षिण आफ्रिका आदी देशांत चाचण्या उभ्या राहिल्या.

येथे एक बारकावा नोंदवून ठेवायला हवा, कारण पुढचा बहुतेक वाद त्याच्याभोवती फिरला. ‘अल्पमुदतीचा उपचार काहीच न देण्यापेक्षा बरा आहे का’ आणि ‘अल्पमुदतीचा उपचार ०७६ च्या तोडीचा आहे का, नसेल तर किती कमी पडतो’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला प्लासिबो गट लागतो. दुसऱ्याला लागत नाही. त्यात सगळ्यांनाच काही ना काही औषध मिळते. कोणता प्रश्न विचारायचा हे वरवर पाहता शास्त्रीय ठरवणे वाटते, परंतु तो ठरला की कोणत्या गटातील किती बाळांना संसर्ग होऊ द्यायचा हेही त्याच क्षणी ठरून जाते.

१९९७ चा वाद

सप्टेंबर १९९७ मध्ये पब्लिक सिटिझन या अमेरिकी ग्राहकहित संघटनेतील डॉ. पीटर लुरी आणि डॉ. सिडनी वुल्फ यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये या चाचण्यांवर थेट आरोप केला. त्यांनी अशा १८ चाचण्या मोजल्या. अमेरिकेतील दोन्ही चाचण्यांत सर्व स्त्रियांना एचआयव्हीविरोधी औषध उपलब्ध होते. विकसनशील देशांतील १६ पैकी १५ चाचण्यांत काही किंवा सर्व स्त्रियांना ते मिळत नव्हते, आणि या १५ पैकी नऊ चाचण्यांना अमेरिकी सरकारचा पैसा होता. माणसांवरील वैद्यकीय संशोधनाचे नीतिनियम सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या त्या काळच्या आवृत्तीत नियंत्रण गटासह प्रत्येक रुग्णाला सिद्ध झालेला सर्वोत्तम उपचार मिळाला पाहिजे असे स्पष्ट म्हटले होते. वैद्यकीय संशोधनाविषयीच्या १९९३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत असेही होते की बाहेरच्या देशाने पैसा पुरवलेल्या संशोधनाला त्या देशातील निकषांपेक्षा सैल निकष लावू नयेत. दोन्हींचा भंग झाला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच अंकाच्या संपादकीयात डॉ. मार्सिया एंजल यांनी या चाचण्यांची तुलना टस्कीगी येथील प्रयोगाशी केली, ज्यात १९३२ पासून १९७२ पर्यंत अलाबामातील ३९९ सिफिलीसग्रस्त कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवून केवळ त्यांच्या आजाराचे निरीक्षण केले गेले होते. त्या प्रयोगाबद्दल अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी जाहीर माफी मागून तेव्हा चारच महिने झाले होते, त्यामुळे ही तुलना जिव्हारी लागली. संपादक मंडळातील दोन नामवंत एड्स संशोधकांनी निषेध म्हणून राजीनामे दिले.

पुढच्याच महिन्यात एनआयएचचे संचालक डॉ. हॅरॉल्ड व्हार्मस आणि सीडीसीचे संचालक डॉ. डेव्हिड सॅचर यांनी त्याच नियतकालिकात उत्तर दिले. त्यांचे तीन मुद्दे महत्त्वाचे होते. एक, ०७६ शी तुलना केली आणि नवा उपचार कमी पडला, तर तो ‘काहीच नाही’पेक्षा बरा आहे का हे कळणारच नाही, आणि ज्या देशासमोर पर्यायच ‘काहीच नाही’ हा आहे त्याला त्या उत्तराचा उपयोग नाही. दोन, या स्त्रियांमध्ये कुपोषण आणि रक्तक्षय अधिक आहे, स्तनपान सार्वत्रिक आहे, संसर्गाचे मूळ प्रमाण देशागणिक बदलते. म्हणून जुन्या आकडेवारीशी तुलना करून भागणार नाही. तीन, हे संशोधन त्या देशांनी स्वतः मागितले आहे. या तिसऱ्या मुद्द्याच्या समर्थनार्थ त्यांनी युगांडाच्या एड्स संशोधन समितीचे अध्यक्ष डॉ. एडवर्ड म्बिड्डे यांचे पत्र पुढे केले, ज्यात हे युगांडाच्या संशोधकांनी युगांडाच्या लोकांवर, त्याच लोकांच्या भल्यासाठी केलेले अभ्यास आहेत, असे ठणकावून सांगितले होते.

म्बिड्डे यांच्या पत्राला टीकाकारांनी पुरेसे उत्तर दिले असे मला वाटत नाही. श्रीमंत देशातील दोन डॉक्टरांनी आफ्रिकेतील समितीचा निर्णय नैतिकदृष्ट्या अपुरा ठरवावा, यात एक जुना दर्प आहेच. मात्र त्या पत्राचा आधार घेणाऱ्यांनीही एक गोष्ट नजरेआड केली. ज्या समितीसमोर ‘ही चाचणी किंवा काहीच नाही’ एवढेच पर्याय ठेवले जातात, तिची संमती खरी असली तरी ती त्या दोन पर्यायांपुरतीच असते. तिसरा पर्याय मांडण्याची ताकद पैसा देणाऱ्याकडे होती.

टस्कीगीची तुलनाही अर्धीच पटते. तिथे फसवणूक होती, पेनिसिलिन हाताशी असताना ते रोखून धरले गेले, आणि त्या निरीक्षणातून कोणाचाही आजार बरा होणार नव्हता. येथे तसे नव्हते. तरीही एक युक्तिवाद दोन्हीकडे सारखाच आढळतो: ‘त्यांना एरवीही उपचार मिळालाच नसता.’ हे वाक्य वस्तुस्थितीचे वर्णन म्हणून खरे असू शकते, पण ज्याने ते उच्चारले त्याच्या हातात ती परिस्थिती बदलण्याची साधने असतील तर ते वर्णन राहत नाही, निवड होते.

बँकॉक आणि आबिजान

या चाचण्यांविषयी सरसकट ‘नैतिक’ किंवा ‘अनैतिक’ असा निवाडा देण्याची सवय दोन्ही पक्षांना होती. माझ्या मते हाच या वादातील सर्वांत मोठा दोष होता. थायलंडमधील बँकॉकची चाचणी आणि आयव्हरी कोस्टमधील आबिजानची चाचणी आराखड्यात जवळजवळ जुळ्या होत्या, औषधही तेच होते, निधीही सीडीसीचाच होता. परंतु त्यांचे नैतिक वजन सारखे नव्हते.

आबिजानमध्ये स्त्रिया बाळाला अंगावर पाजत होत्या. गर्भारपणात आणि प्रसूतीत टळलेला संसर्ग पुढे दुधातून झालाच, तर अल्पमुदतीच्या औषधाचा फायदा पूर्ण पुसला जाऊ शकला असता. स्तनपान बंद ठेवून केलेल्या ०७६ ने या प्रश्नाला स्पर्शही केला नव्हता. तेव्हा अशा लोकसमूहात चार आठवड्यांचा उपचार काही उपयोगाचा ठरतो का, याविषयी तज्ज्ञांमध्ये खरीखुरी अनिश्चितता होती, आणि अशी अनिश्चितता हीच प्लासिबोची एकमेव मान्य सबब आहे. पुढे पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत झालेल्या पेट्रा या मोठ्या चाचणीने ही शंका निराधार नसल्याचे दाखवले: सुरुवातीच्या आठवड्यांत दिसलेला लाभ बाळे दीड वर्षाची होईपर्यंत बराचसा विरून गेला होता.

बँकॉकमधील स्थिती निराळी होती. तिथे बाधित मातांना बाळासाठी पावडरचे दूध पुरवले जात होते आणि स्तनपान न करण्याचा सल्ला सर्रास दिला जात होता. प्रसूती रुग्णालयात होत होत्या. म्हणजे ०७६ ज्या परिस्थितीत झाली तिच्या बरीच जवळ जाणारी परिस्थिती होती, आणि एझेडटी येथे कामच करणार नाही असे मानायला फारसे कारण नव्हते. शिवाय १९९६ मध्येच थाई रेड क्रॉसने देणग्यांच्या बळावर बाधित गर्भवतींना एझेडटी देण्याचा कार्यक्रम सुरू केला होता. ज्या देशात काही गर्भवतींना तेच औषध दानातून मिळत होते, त्या देशात ‘स्थानिक उपचाराची पातळी म्हणजे शून्य’ असे मानून आराखडा आखला गेला. ही तडजोड मला समर्थनीय वाटत नाही.

गंमत अशी (आणि नैतिक हिशेबात अशा गमती वारंवार येतात) की सर्वांत लवकर आणि सर्वांत स्वच्छ उत्तर याच बँकॉकच्या चाचणीने दिले. मे १९९६ मध्ये सुरू झालेल्या या चाचणीत ३९७ स्त्रिया होत्या. ३६व्या आठवड्यापासून दिवसातून दोनदा ३०० मिलिग्रॅम, प्रसूतिकळा सुरू झाल्यावर दर तीन तासांनी तेवढीच मात्रा, आणि बाळाला काहीच नाही, इतका साधा उपचार. फेब्रुवारी १९९८ मध्ये निकाल जाहीर झाला: प्लासिबो गटात १८.९ टक्के, एझेडटी गटात ९.४ टक्के. संसर्ग निम्म्यावर आला. लगोलग इतर देशांतील चाचण्यांतील प्लासिबो गट थांबवण्यात आले. आबिजानमध्ये तोवर जमलेल्या माहितीवरून स्तनपान करणाऱ्या मातांमध्येही तीन महिन्यांपर्यंत संसर्गात ३७ टक्के घट दिसली.

बचाव पक्षाने हा निकाल स्वतःच्या बाजूचा पुरावा म्हणून मांडला: प्लासिबो होता म्हणून इतक्या थोड्या स्त्रियांत आणि इतक्या लवकर उत्तर मिळाले, आणि त्या उत्तरामुळे असंख्य बाळे वाचतील. हा युक्तिवाद कमकुवत नाही. पण त्याच देशात त्याच काळात दुसरी चाचणी चालू होती, आणि तिच्याकडे पाहिल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही.

डॉ. मार्क लालमाँ यांच्या नेतृत्वाखालील हार्वर्डशी संलग्न गटाने थायलंडमध्ये प्लासिबोविना चाचणी आखली. प्रस्तावाच्या परीक्षणाच्या वेळी प्लासिबो गट ठेवण्याचा आग्रह झाला, तो त्यांनी अनैतिक म्हणून नाकारला, आणि अखेर एनआयएचनेच त्यांना निधी दिला. यात १,४३७ स्त्रियांना चार प्रकारे औषध दिले गेले: मातेला २८व्या किंवा ३५व्या आठवड्यापासून, आणि बाळाला सहा आठवडे किंवा तीन दिवस, अशा चारही जोड्या. पहिल्याच अंतरिम पाहणीत माता आणि बाळ दोघांनाही कमी मुदतीचा उपचार मिळालेल्या गटात संसर्ग १०.५ टक्के, तर दोघांनाही दीर्घ मुदतीचा मिळालेल्या गटात ४.१ टक्के आढळला, आणि तो कमी मुदतीचा गट तत्काळ बंद करण्यात आला. उरलेल्या गटांच्या तुलनेतून असेही उमगले की मातेला औषध लवकर सुरू करण्याने जो फरक पडतो तो बाळाला जास्त दिवस औषध पाजून भरून निघत नाही, कारण काही संसर्ग गर्भातच आधी होऊन गेलेला असतो.

हे ज्ञान प्लासिबोच्या चाचणीतून निघालेच नसते. तिने सांगितले की स्वस्त उपचार शून्यापेक्षा बरा आहे; लालमाँ यांच्या चाचणीने सांगितले की स्वस्ताईची किंमत किती बाळांच्या रूपात मोजावी लागते आणि कुठे काटकसर केली तर कमी नुकसान होते. धोरण ठरवणाऱ्या आरोग्य मंत्रालयाला दुसरे उत्तर अधिक कामाचे असते, कारण त्याला पैसा कुठे घालायचा हे ठरवायचे असते. अर्थात ही चाचणीही निष्कलंक नव्हती. कमी मुदतीच्या गटातील बाळांनाही कमी संरक्षण मिळालेच, आणि ते कमी पडण्याची शक्यता आराखडा करताना सर्वांना ठाऊक होती. फरक एवढाच की तिथे कोणत्याही स्त्रीला रिकामी गोळी देण्यात आली नव्हती, आणि माझ्या लेखी तो फरक मोठा आहे.

संमतीपत्रावरची सही

सर्व चाचण्यांत लेखी संमती घेतली गेली होती. ऑक्टोबर १९९७ मध्ये एका अमेरिकी दैनिकाच्या प्रतिनिधीने आबिजानमधील सहभागी स्त्रियांशी बोलून जे छापले ते अस्वस्थ करणारे होते. आपल्याला वेगवेगळ्या गोळ्या मिळाल्या, त्यांतली एक लागू पडली नाही तर दुसरी पडेल, असे एका स्त्रीला वाटत होते. प्लासिबो म्हणजे काय हे तिच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. त्या स्त्रियांना आपण बाधित असल्याचे नुकतेच कळलेले असे, आणि त्या धक्क्यातच कागद पुढे येई.

यावर नेहमीचे उत्तर असते की संमतीची प्रक्रिया सुधारा, चित्रे वापरा, प्रश्न विचारून समज तपासा. ते करायलाच हवे. मात्र या प्रकरणात संमतीच्या दर्जावर फार भर देणे दिशाभूल करणारे ठरेल. समजा त्या स्त्रीला सारे काही नीट समजले असते. बाहेर औषध मिळण्याची शक्यता शून्य, चाचणीत निम्मी. शिवाय तपासण्या, मलेरियाची औषधे आणि डॉक्टरांचे लक्ष. कोणतीही शहाणी आई होच म्हणाली असती. पूर्ण समजून दिलेला हा होकारही चाचणीचा आराखडा न्याय्य ठरवत नाही, कारण आराखडा करणाऱ्याचे कर्तव्य सहभागीच्या नाइलाजाने हलके होत नाही.

आणखी एक व्यक्ती या सगळ्या चर्चेत जवळजवळ गैरहजर होती: स्वतः ती आई. चाचण्यांचा केंद्रबिंदू बाळ होते. जुलै १९९६ च्या व्हँकुव्हर येथील आंतरराष्ट्रीय एड्स परिषदेनंतर श्रीमंत देशांतील बाधित स्त्रियांना तीन औषधांचा एकत्रित उपचार मिळू लागला आणि त्यांचे आयुष्य वाढू लागले. बँकॉक आणि आबिजानमधील मातेचा उपचार प्रसूतीबरोबर संपत होता. वाचलेल्या बाळाची आई पुढे काही वर्षांत दगावणार, हे आराखड्याच्या हिशेबात कुठेच नव्हते. प्लासिबोवर इतके लिहिणाऱ्या टीकाकारांनीही याबद्दल फार थोडे लिहिले.

किंमत कोणी ठरवली

‘स्थानिक उपचाराची पातळी’ हा शब्दप्रयोग ऐकताना असे वाटते की ती पातळी पर्जन्यमानासारखी त्या प्रदेशाला निसर्गतःच लाभलेली आहे. प्रत्यक्षात ८०० डॉलर हा आकडा प्रामुख्याने एका कंपनीच्या विक्रीधोरणातून आला होता. एझेडटीचे पेटंट ग्लॅक्सो वेलकमकडे होते. थायलंडचा निकाल लागल्यावर मार्च १९९८ मध्ये याच कंपनीने विकसनशील देशांतील बाधित गर्भवतींसाठी औषधाच्या किमतीत ७५ टक्क्यांपर्यंत कपात जाहीर केली. म्हणजे ‘परवडत नाही’ हे गृहीतक, ज्यावर चार वर्षे सारे आराखडे उभे होते, ते एका घोषणेने बरेचसे ढासळू शकत होते. ती घोषणा १९९४ मध्ये का झाली नाही, आणि जिनिव्हाच्या बैठकीत शास्त्रीय आराखड्याच्या जोडीला किमतीची वाटाघाट हाही संशोधनाचाच भाग का मानला गेला नाही, हे प्रश्न प्लासिबोच्या प्रश्नाइतकेच गंभीर आहेत. उपचार स्वस्त करण्याचे दोन मार्ग असतात: औषध कमी द्यायचे किंवा औषधाचा दर कमी करायचा. संशोधकांच्या हातात पहिला होता, म्हणून सगळी बुद्धी पहिल्यावर खर्च झाली.

हा तर्क उलट बाजूनेही तपासून पाहायला हवा. किंमत शून्यावर आली असती तरी शिरेतून औषध द्यायला परिचारिका, सातव्या महिन्याआधी दवाखान्यात येणारी गर्भवती आणि उकळलेले पाणी आपोआप आले नसते. अल्पमुदतीच्या उपचाराची गरज राहिलीच असती. मात्र तेव्हा तुलना ‘काहीच नाही’शी करण्याचे मुख्य कारण गळून पडले असते, निदान बँकॉकमध्ये तरी.

वादाचा परिणाम नियमांवर झाला, पण सरळ रेषेत नाही. २००० मध्ये एडिंबरो येथे सुधारलेल्या हेलसिंकी जाहीरनाम्यात नव्या उपचाराची तुलना प्रचलित सर्वोत्तम उपचाराशीच व्हावी हे कलम २९ मध्ये पुन्हा ठासून सांगण्यात आले; दोनच वर्षांत त्याला स्पष्टीकरणाची टीप जोडून ‘सबळ व शास्त्रीयदृष्ट्या योग्य’ कारणांसाठी अपवादाची वाट मोकळी करण्यात आली. २००८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने परदेशांतील चाचण्यांसाठी हेलसिंकीचा हवालाच काढून टाकला. तरीही लाज वाटण्याची रेषा थोडी सरकली होती हे खरे. २००१ मध्ये डिस्कव्हरी लॅबोरेटरीज या अमेरिकी कंपनीने लॅटिन अमेरिकेतील अकाली जन्मलेल्या, श्वास घेण्यास धडपडणाऱ्या बाळांवर प्लासिबोशी तुलना करणारी चाचणी योजली, आणि ती अशा आजारात की ज्यावर मान्यताप्राप्त औषधे आधीपासून होती. पब्लिक सिटिझनने आक्षेप घेतल्यावर कंपनीला आराखडा बदलावा लागला. एझेडटीच्या चाचण्यांशी त्या प्रस्तावाची बरोबरी होऊ शकत नाही. तिथला प्रश्न यजमान देशांचा नव्हताच, औषधाची बाजारपेठ श्रीमंत देशांत होती.

चाचणी संपल्यावर

युगांडातील एका चाचणीत प्लासिबो गट होता, तो थायलंडच्या निकालानंतर रद्द झाला, आणि नेव्हिरापिन या दुसऱ्या औषधाची तुलना अल्पमुदतीच्या एझेडटीशी सुरू राहिली. प्रसूतीवेळी आईला एक गोळी आणि जन्मानंतर तीन दिवसांच्या आत बाळाला एक मात्रा, एवढाच उपचार. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात १४ ते १६ आठवड्यांच्या बाळांत संसर्गाचे प्रमाण नेव्हिरापिन गटात १३.१ टक्के, तर एझेडटी गटात २५.१ टक्के होते. एका मात्रेने मातेच्या शरीरातील विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो ही अडचण नंतर पुढे आली, तरी त्या क्षणी इतका स्वस्त उपाय दुसरा नव्हता. जुलै २००० मध्ये बोरिंगर इंगेलहाइम या उत्पादक कंपनीने विकसनशील देशांना पाच वर्षे ते मोफत देऊ केले.

आणि तरीही दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने ते प्रत्येक प्रांतातील दोन, अशा १८ प्रायोगिक केंद्रांपुरतेच मर्यादित ठेवले. बाहेरच्या सरकारी रुग्णालयातील डॉक्टरला औषध मोफत उपलब्ध असूनही देता येत नव्हते. ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन ही संघटना न्यायालयात गेली, आणि ५ जुलै २००२ रोजी तिथल्या घटनात्मक न्यायालयाने हे निर्बंध आरोग्यसेवेच्या घटनादत्त हक्काशी विसंगत ठरवून उठवण्याचा आदेश दिला. थायलंडने त्याआधीच, २००० मध्ये, आपल्या संशोधनाच्या आधारावर राष्ट्रीय कार्यक्रम उभा केला होता. सहभागी स्त्रियांनी पत्करलेल्या जोखमीचे फळ कुठे दोन वर्षांत मिळाले, कुठे ते न्यायालयातून ओढून आणावे लागले, आणि कुठे त्याला आणखी बरीच वर्षे लागली. चाचणी मंजूर होताना या फरकाबद्दल कोणाकडूनही लेखी काही घेतलेले नव्हते.

आज हेलसिंकी जाहीरनामा सांगतो की चाचणीत लाभदायक ठरलेला उपचार ज्या सहभागींना पुढेही लागणार आहे, त्यांच्यासाठी त्याची तजवीज चाचणीपूर्वीच झाली पाहिजे. या प्रकरणाला तो नियम लावून पाहिला तर त्यातली पोकळी दिसते. बँकॉकमधील नियंत्रण गटातल्या मातेचे बाळ निकाल लागण्यापूर्वीच जन्मलेले होते. त्याच्यासाठी सिद्ध झालेल्या उपचाराची तजवीज करण्यात काही अर्थ उरला नव्हता. ज्या स्त्रीला ते औषध हवे होते ती त्याच रुग्णालयात पुढच्या वर्षी येणार होती, तिने कोणत्याही संमतीपत्रावर सही केलेली नव्हती, आणि सहभागींपुरता लिहिलेला नियम तिला ओळखत नव्हता. तिच्यापुरते बोलणारे कलम, म्हणजे संशोधनाचे फलित त्या लोकसमूहाला उपलब्ध करून देण्याची अट, आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत १९९३ पासूनच आहे. पण तिचे पालन झाले नाही तर जाब कोणी, कोणाला आणि कुठे विचारायचा हे त्यात लिहिलेले नाही. दक्षिण आफ्रिकेतील स्त्रियांना तो जाब विचारता आला तो त्यांच्या स्वतःच्या राज्यघटनेत आरोग्यसेवेचा हक्क लिहिलेला होता म्हणून.